दत्तूमामाची पारख

दत्तूमामा जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि त्याचा मला काडीचाही आनंद होत नाही. असं लिहू नये हे मला कळतं. मी वाशीमला शाळेत मराठी शिकवते आणि वडीलधाऱ्यांविषयी आदरानं लिहावं हे पोरांना मीच सांगते. तोंडावर मीसुद्धा त्याला अहोजाहो करते. पण इथं तो एकेरीतच येईल. तेवढी मोकळीक मी घेणार आहे, आणि ती घेताना मला बरं वाटतंय.

तो माझा सख्खा मामा नव्हे, लांबचाही नव्हे. मेडशीच्या पुढं आमचं गाव आहे. तिथं तो सगळ्यांचाच मामा. माझ्या वडिलांचा मामा, माझा मामा, आणि काल लग्न होऊन गावात आलेल्या सुनेचाही मामाच. धंदा विचाराल तर काही नाही. थोडं वावर आहे, ते त्याची मुलं पाहतात. हा पारखी आहे. पूर्वी आमच्याकडं बैल घ्यायला कोणी एकटं जात नसे, सोबत पारखी नेत. बैलाचे दात मोजणं, खूर उचलून पाहणं, अंगावरच्या केसांचे भोवरे कुठंकुठं आहेत ते शोधणं, मागं उभं राहून चाल पाहणं, ही सगळी त्याची कामं. आणि बाजाराचा एक कायदा होता. घेणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. घेणाऱ्याच्या तोंडून नुसतं "बरा आहे" निघालं तरी विकणारा ताठायचा. म्हणून ज्याला बैल हवा तो बाजूला उभा राहून मुकाट तंबाखू मळणार, आणि बोलणार फक्त पारखी. दत्तूमामा हे एका दमात सांगायचा, "जनावर बोलते, पारखी बोलते, धन्यानं बोलू नये."

कायदा शहाणपणाचा होता, मी नाही म्हणत नाही. बैलबाजारात तो चालून जायचा. दत्तूमामानं तो बाजारातून उचलून गावात आणला, आणि गावातून आमच्या घरात.

दिसायला माणूस बरा आहे. उंच, ताठ पाठीचा, भरघोस मिशांचा. काहीही पाहताना डावा डोळा बारीक करतो; समोर बैल असो, भिंत असो की ताटातली भाकर. पाहून झालं की लगेच बोलत नाही. दुपट्ट्यानं मान पुसतो, घसा साफ करतो, कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारतो. तोवर सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत उभे. लोकांना असं ताटकळत ठेवण्यात त्याचा सगळा मोठेपणा आहे, आणि तो कसा वाढवायचा हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मी लहान असताना वडील आमचा एक बैल विकायला बाजारात घेऊन गेले. हट्ट करून मीही गेले. गिऱ्हाईक जवळजवळ ठरलं होतं, आणि त्या गिऱ्हाइकानं पारखी म्हणून आणला होता दत्तूमामाला. आमच्याच गावचा, आमच्याच चुलीवरचं कितीदा जेवलेला. त्यानं डोळा बारीक केला, बैलाच्या पाठीवरच्या एका भोवऱ्यावर बोट टेकलं आणि म्हणाला, "हा धन्याले खाते."

झालं. गिऱ्हाईक गेलंच, पण आजूबाजूला उभे होते तेही दोन पावलं मागं सरले. त्या बाजारात तो बैल कोणी घेतला नाही. वडील त्याला घेऊन पायी परत निघाले. वाटभर ते बैलाशी बोलत होते, माझ्याशी नाही. तो बैल पुढं आमच्याकडंच राबला, म्हातारा झाला आणि गोठ्यात सुखानं मेला. वडील त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगले. त्या भोवऱ्याचं पुढं काय झालं हे दत्तूमामानं कधी विचारलं नाही. त्याच महिन्यात आमच्याकडं सणाला जेवायला मात्र आला आणि पुरणपोळ्यांवर आडवा हात मारून गेला.

बैल त्याला कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. कळत होता. पण पसंत करण्यापेक्षा नापसंत करण्यात त्याला जास्त गोडी होती. पसंत केलेला बैल चांगला निघाला तर नाव धन्याचं व्हायचं, नापसंत केला तर याचं.

मग बैल कमी झाले. गावात ट्रॅक्टर आले, मोटारसायकली आल्या, चारचाकी आल्या. दुसरा कोणी असता तर ओट्यावर बसून जुन्या गोष्टी सांगत राहिला असता. यानं तसं काही केलं नाही. यानं ट्रॅक्टरचे दात पाहायला सुरुवात केली. खरंच सांगते, टायरच्या खाचांत बोट घालून तो "दात चांगले हायेत" म्हणायचा. बोनेटवर तळहात ठेवून इंजिनाची रग पाहायचा. मागं जाऊन धुराचा वास घ्यायचा. सगळ्या गाड्यांना 'जनावर' म्हणायचा. आणि लोक हसले नाहीत. हसायला पाहिजे होतं, तेव्हाच हसायला पाहिजे होतं, पण ज्यांच्या बापजाद्यांचे बैल यानं निवडले होते त्यांची मुलं खाली मान घालून याला शोरूममध्ये घेऊन गेली.

याला स्वतःला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एकदा कुणीतरी बोलून दाखवलं तर म्हणाला, "बैल पारखनारा काय औताले जुपल्या जाते काय?" यावरही लोकांनी माना डोलावल्या.

तो एक पैसाही घेत नाही. घेतला असता तर फार बरं झालं असतं. पैसे घेणाऱ्याला जाब तरी विचारता येतो. याला हवा असतो फक्त दुपट्टा-टोपीचा मान, ढाब्यावरचं जेवण आणि नवी गाडी गावात येताना पुढची सीट. ज्याची गाडी त्याची बायको, आई, मुलं मागं कोंबलेली. आणि पुढं हा, खिडकीबाहेर कोपर काढून.

आणि याला विचारल्याशिवाय गाडी घेतली तर काय होतं, तेही गावानं पाहिलंय. आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींनी अकोल्याहून परस्पर एक लहान गाडी आणली. दत्तूमामा संध्याकाळी तिच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि पारावर एवढंच म्हणाला, "समोरून पाह्यलं तं रडून राह्यली थे." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींच्या गाडीत कोणी बसेना. लग्नाला जायचं तरी लोक एसटीनं जात. गुरुजींची म्हातारी आईसुद्धा बसेना. शेवटी त्यांनी ती गाडी काढून टाकली. तिचे पुढचे दिवे जरा लांबट होते, बाकी काही नाही.

माझा धाकटा भाऊ गजानन हे सगळं पाहत मोठा झाला. स्वभावानं गरीब, कामाला वाघ. त्याचं लग्न ठरवायलाही दत्तूमामाच पुढं होता. मुलगी पाहायला आम्ही मानोऱ्याकडं गेलो. सुनंदा पोह्यांच्या बश्या ठेवून आत वळली, तर हा म्हणतो, "बाई, एक डाव दारालोक जाऊन ये." ती गेली आणि आली. यानं डोळा बारीक करून तिची चाल पाहिली, मान पुसली, घसा साफ केला, आणि तिच्या वडिलांसमोर म्हणाला, "हाडापेरानं बरी हाये. कामाले टिकन." मी तिथंच बोलले होते की मामा, ही माणसं आहेत. पण मुलीचे वडील हसले, आमचे वडील हसले, आणि लग्न ठरलं. सुनंदा पुढं मला म्हणायची, "ताई, बरं झालं बुढ्यानं माहे दात नाही मोजले."

ती अशी होती. तिला हसू फार लवकर यायचं.

गजाननचं घर गावात नाही, वावरात आहे. डांबरी रस्ता सोडला की पांदण लागते, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मधून एक नाला. उन्हाळ्यात ती पांदण साधी धुळीची वाट असते. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत पाय घातला तर चप्पल आत राहते. सुनंदा तिथं नांदली, तिथं तिचा मुलगा झाला, शिकून पुण्याला गेला. घरापुढं तिनं झेंडू, वांगी, वाल, काय काय लावलं होतं. मग तिच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा वाशीमला डायलिसिस सुरू झालं. बातमी कळल्यावर दत्तूमामा भेटायला आला. तिच्याकडं पाहून गजाननला म्हणाला, "म्या वरून पाह्यलं होतं बापा. आतलं कोन पाहीन?" हे ऐकूनही सुनंदा हसली. मला हसू आलं नाही.

मी तिला म्हटलं, माझ्याकडं राहायला ये, दवाखाना जवळ पडेल. ती म्हणाली, "ताई, राग नका मानू. मी माह्या घरूनच येणं-जाणं करीन. मले तुमच्या खोलीत मराचं नाही." ट्रॅक्टरवर बसून तिच्यानं जाववत नव्हतं, हाडं खिळखिळी व्हायची. मोटारसायकलवर तोल जायचा. म्हणून गजाननं ठरवलं की पांदण तुडवणारी, उंच, दणकट गाडी घ्यायची. गाडी आली तर सुनंदा घरी राहणार, नाहीतर घर सोडणार, असा साधा हिशेब होता आणि तो घरात सगळ्यांना कळत होता.

सुनंदानं फोनवर पाहून पाहून आपल्याला काय हवं ते नक्की केलं होतं. डायलिसिसच्या खाटेवर दुसरं कामच काय होतं तिला? इंजिन पेट्रोल की डिझेल, याचं तिला फारसं नव्हतं. तिला हवा होता चारही चाकांना जोर देणारा गिअर, मागं बसायला वेगळं दार, चढायला बाजूची पायरी आणि आत धरायला कडी. मला म्हणाली, "टीव्हीसारखा पडदा नको, रंग कोनताही चालन. मले फक्त आत चढता आलं पाह्यजे आन गाडीले बाहीर निंगता आलं पाह्यजे."

आम्ही चौघं शोरूमला गेलो. गजानन, सुनंदा, मी आणि अर्थातच दत्तूमामा. शोरूममधली मुलगी चांगली होती. तिनं पहिल्यांदा सुनंदाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "सर, गाडीचा वापर कसा राहील? रस्ता कसा आहे?"

गजाननं दत्तूमामाकडं पाहिलं.

दत्तूमामा म्हणाला, "आधी जनावर दाखो."

तिनं डिझेलची गाडी सुरू करून दाखवली. यानं बोनेटवर हात ठेवला, डोळा मिटला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "अंगात रग हाये." पेट्रोलची सुरू केली तर ती शांत. "याच्यात जीव नाही," म्हणून पुढं सरकला. मुलगी म्हणाली की चिखलासाठी डिझेलच बरं पडेल. म्हणजे इंजिन बरोबर निवडलं गेलं, चुकून का होईना. मग त्यानं आत डोकं घातलं आणि गिअरच्या दांडीशेजारची दुसरी दांडी त्याला दिसली.

"हे कायची?"

"ही फोर बाय फोरची, काका. चिखलात ही टाकली की चारही चाकं ओढतात."

"म्हंजे एरवी दोनच ओढतात?"

"हो."

"मंग बाकीचे दोन फुकट खातात काय?" शोरूममधले दोघं-तिघं हसले, आणि याला रंग चढला. "ज्या बैलाले दोन कासरे लागतात थो बैल घेवाचा नसते. एका जनावराले एक कासरा."

सुनंदा खुर्चीतून उठली. चालताना तिला भिंतीचा आधार लागायचा. गाडीला हात टेकून ती म्हणाली, "मामा, आमची पांदन पावसात कदी पाह्यली का तुमी? तथी चारही चाकं लागतात."

त्यानं तिच्याकडं पाठ केली. तो गजाननशी बोलला. "गजानन, बाजारात घरच्यानं बोलू नये. सांगतलं होतं न तुले?"

"मामा, गाडी हिच्यासाठी आहे," मी म्हटलं. "हिनंच बोलायला पाहिजे."

"मास्तरीनबाई, शाळा उद्या हाये," तो म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

तरीही सुनंदानं त्या मुलीला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पायरी, कडी, मागचं दार, दुसरी दांडी. मुलीनं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, ही गाडी ऑर्डर करावी लागेल. पण पावसाआधी नक्की मिळेल." सुनंदाला तेवढंच हवं होतं. परतताना ढाब्यावर दत्तूमामानं तब्येतीत जेवण केलं, आणि सुनंदा आपलं मोजून-मापून आणलेलं पाणी पीत मला हळूच म्हणाली, "बोलू द्या त्याले. गाडी मले पाह्यजे तशीच येते आता."

पाडव्याला चार दिवस असताना गजानन आणि दत्तूमामा दोघंच पुन्हा गेले. माझी शाळा होती. सुनंदा डायलिसिसला होती, खाटेला जखडलेली. ऑर्डर नक्की करायला जातो, एवढंच गजानन सांगून गेला होता. तिथं दारातच एक लाल गाडी उभी होती. दोनच चाकांनी ओढणारी, दोन दारांची, छताला काचेची खिडकी, आत मोठा पडदा, चकचकीत चाकं. कुणीतरी बुक करून सोडलेली होती म्हणून लगेच मिळत होती. दत्तूमामानं तिच्याभोवती चक्कर मारली. पाडव्याचा मुहूर्त चुकला तर जनावर लाभत नाही, म्हणाला. हे जनावर आपलीच वाट पाहत उभं आहे, म्हणाला. त्या मुलीनं गजाननला सरळ विचारलं की दादा, मावशींनी तर दुसरी सांगितली होती ना? गजाननं दत्तूमामाकडं पाहिलं आणि लाल गाडीचे पैसे भरले.

संध्याकाळी मी त्याला फोनवर नको नको ते बोलले. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, मामा बोलून राह्यले होते. मी मधी कसा बोलू?"

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. त्याला सुनंदाची पर्वा नव्हती असं नाही. तिला भरवायला तो हातात घास घेऊन बसायचा. पण बापानं, आज्यानं बाजारात तोंड मिटून उभं राहायचं, तसाच तो उभा राहिला. तिथं उभं राहून आपण बैल नाही, बायकोचं घर निवडतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नाही. दत्तूमामाच्या लक्षात यायला हवं होतं. तो पारखी होता ना!

पाडव्याला गाडी आली. हार, नारळ, दुपट्टा-टोपी. पुढच्या सीटवर दत्तूमामा. सुनंदाला मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागे, आणि पायरी नव्हतीच. गजाननं जमिनीवर एक घमेलं उलटं ठेवलं, ती त्याच्यावर पाय देऊन चढली. चढताना पडलीच असती, मी मागून धरलं. दत्तूमामा पुढून म्हणाला, "आवर वं बाई, मुहूर्त टळून राह्यला."

उन्हाळाभर गाडी झकास चालली. पांदण कोरडी होती, तिथं बैलगाडीही पळाली असती. दत्तूमामा पारावर सांगायचा, पाहा, मी निवडलेलं जनावर. सुनंदा ढगांकडं पाहायची.

जुलैच्या मध्यात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. गाडी नाल्याच्या अलीकडंच मागच्या दोन चाकांवर बसली. गजाननं ॲक्सिलरेटर दाबला तसतशी ती आणखी खाली गेली. त्यानं फावड्यानं माती काढली, टायरखाली बाभळीच्या फांद्या घातल्या, पोती घातली. चाकं नुसती फिरत राहिली. बाजूच्या वावरातून ट्रॅक्टर आणेपर्यंत दुपार झाली. सुनंदा मागच्या सीटवर बसून होती. चिखलानं माखलेला नवरा दाराशी आला तेव्हा त्याला म्हणाली, "वरची खिडकी उघडा. मी वरूनच निंगतो." आणि हसली. गजानन मला हे सांगताना रडला होता.

त्या दिवशी ती ट्रॅक्टरवर गेली, उशिरा का होईना. पुढच्या वेळी नाला भरून वाहत होता, ट्रॅक्टरही निघाला नाही. तिची पाळी चुकली. मग आणखी एक चुकली. चेहरा सुजला, झोपलं की श्वास कोंडायचा. अखेर पाऊस जरा उघडला तसं गजाननं तिला बाजेवर घालून चार माणसांच्या खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून वाशीमला. ती वाचली. पण घरी गेली नाही. माझ्या मागच्या खोलीत राहिली, जिथं तिला राहायचं नव्हतं.

चिखलात बसलेली गाडी पाहायला दत्तूमामा दुसऱ्या दिवशी गेला होता. म्हणाला, "जनावरात खोट नाही. हाकनारा कच्चा हाये." गजाननं तेही ऐकून घेतलं.

माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते, आणखी काही नाही. सुनंदा रोज मला विचारायची, पांदण वाळली का? मी म्हणायचे, वाळेल. झेंडूला कळ्या आल्या असतील, म्हणायची. गजानन आला की त्याच्या चपलांकडं पाहायची, आणि चिखल दिसला की काही विचारायची नाही. दसऱ्याच्या सुमारास पाऊस थांबला. गजानन म्हणाला, आठ-दहा दिवसांत वाट सुकते, मग नेतो. पांदण सुकायच्या आत सुनंदा गेली. माझ्याच खोलीत.

तिला घरी नेलं ते शववाहिकेनं, डांबरी रस्त्यापर्यंत. पुढं नाल्यातून तिला खांद्यावर नेलं. लाल गाडी आमच्या मागून येऊ शकली नाही, ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

त्यानंतर मी गावी जाणं टाळलं. यंदा पोळ्याला गजाननं फारच आग्रह केला, एकटा आहे म्हणाला, म्हणून गेले. फाट्यावर एसटीतून उतरले. पाऊस चालूच होता. गजानन गाडी घेऊन आला होता, आणि ती लाल गाडी नव्हती. पांढरी होती. मागं वेगळं दार होतं. दाराखाली पायरी होती, रबराच्या पट्ट्या लावलेली. मी पाय ठेवला आणि सहज आत गेले. आत धरायला कडी होती. ती मी धरली आणि क्षणभर सोडवेना.

पुढच्या सीटवर दत्तूमामा बसला होता.

मी गजाननच्या कानाशी वाकून विचारलं, "गाडी घ्यायला याला परत का नेलं होतंस?" तो समोर पाहत पुटपुटला, "त्यायनंच इचारलं, येऊ का? नाही कसं म्हनू?"

पांदण लागली. चिखल तसाच होता, कदाचित जास्तच. गजाननं गाडी थांबवली, आणि तो दांडीला हात घालायच्या आत दत्तूमामा बोलला, "टाक, दुसरी दांडी टाक." गजाननं टाकली. गाडी खाली बसली नाही, सरकली नाही, नाल्यात उतरली आणि संथपणे पलीकडं चढली. आत पाण्याचा थेंब आला नाही. मी काचेतून त्या जागेकडं पाहिलं, जिथं सुनंदा दुपारपर्यंत बसून होती. ती जागा मागं जायला फार वेळ लागला नाही.

"म्या तवाच म्हटलं होतं," दत्तूमामा म्हणाला, "आपल्या पांदनीले चार चाकावालंच जनावर पाह्यजे."

तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या, आणि भावाला सणाच्या दिवशी त्या ऐकवायच्या नव्हत्या.

गाडी थेट अंगणात आली. दत्तूमामा पायरीवरून उतरला. त्याच्या जोड्यांना चिखलाचा एक ठिपका नव्हता. ओट्यावर बसला, मिशा पुसल्या, आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "सुनंदा, पानी आन वं माय."

घरातून कोण येणार होतं? गजाननच्या हातात गाडीची चावी होती, ती त्यानं खिशात घातली आणि आत गेला. दत्तूमामाच्या लक्षात आलं असावं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. त्यानं डोळा बारीक केला.

"थोडा दम धराचा होता तिनं," तो म्हणाला. "पाह्य, आज कशी आरामात आली असती घरी."

गजानन तांब्या घेऊन दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. तो पुढं आला, वाकला, आणि त्यानं दोन्ही हातांनी दत्तूमामाला पाणी दिलं.